चोक ओढला की चालते, सोडला की विझते

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. खानापूरच्या एका भाऊंकडे 1996 ची मारुती 800 आहे. सकाळी चोक, म्हणजे गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा नॉब, पूर्ण ओढल्याशिवाय ती सुरू होत नाही. सुरू झाल्यावर चोक आत ढकलला की विझते, म्हणून ते निम्मा चोक ठेवूनच फिरतात. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटला पाय काढला की बंद. शिवाय गोव्याहून परत येताना केरी सोडून चोर्ल्याचा चढ लागला की आचके देत देत थांबते आणि दहा-पंधरा मिनिटांनी काही न करता परत चालू होते. दोन मेस्त्री झाले. कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, तीनदा उघडला, त्याचं किट बदललं, प्लग बदलले. अ‍ॅव्हरेज सोळावरून अकरावर आलं. आता तिसरा मेस्त्री म्हणतोय, कार्बोरेटरच नवीन घाला. घालू का?

नका घालू. निदान मी खाली सांगतोय ते बघितल्याशिवाय तरी नकोच.

तुमच्या गाडीला एक नाही, दोन आजार आहेत असं मला वाटतंय. गेटवर विझणारी गाडी आणि घाटात थांबणारी गाडी ही दोन वेगळी दुखणी आहेत. दोघांनाही एकच समजून औषध दिलं गेलं आणि ते दोघांनाही लागलं नाही. कार्बोरेटरच्या गाडीत "काय होतंय" यापेक्षा "कधी होतंय आणि कसं होतंय" हे जास्त बोलतं.

हे मी शिकलो ते फजिती होऊन. उद्यमबागेत नवीन नवीन काम करत होतो तेव्हाची गोष्ट. एका लग्नाची पद्मिनी वंटमुरीच्या घाटात बंद पडली, मला बोलावलं. वऱ्हाड रस्त्याच्या कडेला, नवरदेव घामाघूम. मी जाऊन थेट कार्बोरेटर खोलला, पुसला, बसवला. सुरू झाली. दोन किलोमीटरवर परत बंद. परत खोलला. असं तीनदा केलं. शेवटी आमचे उस्ताद दुसऱ्या गाडीतून आले, ड्रायव्हरला एकच विचारलं, "बंद पडताना आचके देते का बटण दाबल्यासारखी मरते?" ड्रायव्हर म्हणाला, एकदम मरते. उस्तादांनी डेल्कोवरचा, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्यावरचा, कंडेन्सर बदलला आणि गाडी थेट मंडपात जाऊन थांबली. त्यांची बोली कानडी. नंतर मला म्हणाले, "मोदलु केळु, आमेले बिच्चु." आधी विचार, मग खोल. कानडीत केळु म्हणजे विचारणंही आणि ऐकणंही. मालकाला विचारायचं आणि इंजिनाचं ऐकायचं, दोन्ही त्या एका शब्दात आलं.

तर पहिली ओळख ती. चालता चालता किल्ली काढल्यासारखी एका क्षणात मेली तर बहुतेक वेळा करंट गेलेला असतो: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, डेल्कोच्या आतली तुटायला आलेली वायर, नाहीतर इग्निशन स्विच. गरम झाल्यावर मरते आणि गार झाल्यावर येते असं असेल तर कॉइल आणि कंडेन्सरवर आधी संशय घ्यायचा. आणि आचके देत, ओढ कमी होत, धापा टाकत मेली तर पेट्रोल पोचत नाहीये, किंवा जास्त पोचतंय. तुमची घाटात आचके देते म्हणताय, म्हणजे तिथं करंटचा विषय मी सध्या बाजूला ठेवतो.

आधी गेटवरच्या आजाराकडे बघू, कारण रोजचा त्रास तोच.

चोक ओढल्यावर गाडीत दोन गोष्टी होतात आणि लोकांना त्यातली एकच माहीत असते. वरची फुलपाखरी झाकण घेते, हवा कमी होते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं, ही पहिली. दुसरी म्हणजे त्याच दांडीला जोडलेला कॅम खालची, अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी थ्रॉटलची पाकळी थोडी उघडून धरतो आणि रेस वाढते. म्हणून "चोक सोडला की विझते" याचे दोन अर्थ निघतात. एकतर गाडीला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, किंवा नुसतंच आयडल, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरतं तो, खूप खाली लावलंय आणि चोकमुळे वाढलेल्या रेसवर ती तग धरून होती. दुसरा अर्थ खरा असेल तर पाच मिनिटांचं काम आणि एक स्क्रूड्रायव्हर. पण तीन वेळा कार्बोरेटर उघडणाऱ्यांनी आयडल स्क्रू फिरवून बघितला नसेल असं मी धरत नाही.

म्हणून रविवारी सकाळी हे करा. गाडी चोकवर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून चांगली तापवा. एअर फिल्टरचं झाकण काढा. एकाला आत बसवून अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवायला सांगा, जेमतेम चालू राहील इतकाच. आता चोक पूर्ण आत. टॉर्च मारून बघा, फुलपाखरी सरळ उभी राहिली का? जुन्या केबलची आतली तार गंजली की नॉब आत जातो पण फुलपाखरी पाव भाग बंदच राहते. तसं असेल तर तुमचं अ‍ॅव्हरेज कुठं गेलं ते तिथंच कळेल. ती पूर्ण उघडत असेल तर पुढचं. हाताचा तळवा कार्बोरेटरच्या तोंडावर हळूहळू आणा. पूर्ण दाबायचं नाही. निम्मं तोंड झाकलं जाईल इतकंच, आणि चेहरा लांब ठेवा, कारण कधीकधी उलटा भडका येतो. तळव्याला ओढ जाणवेल. त्याच वेळी कान द्या. इंजिनाचा आवाज भरला, थरथर कमी झाली, रेस वाढली, तर गाडी हवा जास्त खातेय. आवाज दबला आणि ती गुदमरायला लागली, तर पेट्रोल जास्त होतंय. तळवा बाजूला घ्या, वास बघा, परत एकदा करा. या एका परीक्षेने निम्मं निदान होतं आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

तुम्ही सांगितलंय त्यावरून मला वाटतं आवाज भरेल. निम्म्या चोकवर सुखाने पळणारी गाडी म्हणजे पातळ मिश्रण. चोक हा इथं आजार नाही, तुम्ही स्वतःच देत असलेलं औषध आहे. अकराचं अ‍ॅव्हरेज त्या औषधाची किंमत. आणखी एक किंमत दिसत नाही: सतत चोकवर चालवलं की कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, जातं. डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलून टाका, पण आधी कारण काढा. मारुतीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल, इंजिनावरच बसलेला. त्याचा डायफ्राम फाटला तरी पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. हा पंपाचा मुद्दा लक्षात ठेवा, घाटात परत येणार आहे.

आता पातळ का? मी ज्या क्रमाने बघतो त्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी सोलेनॉइड. या कार्बोरेटरवर आयडलच्या वाटेत एक छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. किल्ली चालू केली की तो आत ओढला जातो आणि आयडलचं पेट्रोल सोडतो, किल्ली बंद केली की वाट बंद करतो. एकाला किल्ली चालू-बंद करायला सांगा, इंजिन सुरू न करता, आणि कार्बोरेटरजवळ कान न्या. "टक" असा आवाज यायला हवा. आला नाही तर वायर सुटलीय, फ्यूज गेलाय, किंवा सोलेनॉइड मेलाय. तो मेला की अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी मस्त पळते, पाय काढला की मरते. तुमचं अर्धं वर्णन हेच आहे. आपल्याकडे यावर एक जुगाड चालतो: सोलेनॉइड काढून त्याची सुई कापून टाकतात, म्हणजे वाट कायम उघडी. गाडी चालते, पण किल्ली काढल्यावरही गडगडत राहते. कुणी तसं केलं असेल तर तेही बघून घ्या.

टक आवाज आला तर मग हवा कुठून चोरून आत येतेय ते शोधायचं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड, म्हणजे मिश्रण सिलिंडरकडे नेणारी नळी, यांच्या मध्ये एक जाड इन्सुलेटर असतो. तीनदा कार्बोरेटर खोलला म्हणजे तीनदा तो नट-बोल्टांखालून गेला. जोर लावून आवळला की तो तडकतो किंवा कार्बोरेटरचं बूड वाकतं, आणि मग जितकं आवळाल तितकी फट वाढते. मला विचाराल तर मुळातला आजार लहान होता आणि हा फटीचा आजार मेस्त्रीलोकांनी वाढवला, अशी शक्यता चांगलीच आहे. इंजिन आयडलला कसंबसं चालू असताना त्या सांध्याभोवती स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी थोडं थोडं मारा. डेल्को आणि वायरींवर उडू देऊ नका. आवाज बदलला की फट तिथंच. काही जण सिरिंजने पेट्रोल मारून बघतात. गरम मॅनिफोल्डवर हा खेळ नको, बोनेट जळालेल्या गाड्या मी बघितल्यात. त्यानंतर व्हॅक्यूमचे सगळे रबरी पाइप: डेल्कोकडे जाणारा, ब्रेकच्या बूस्टरचा असेल तर तो, टॅपेट कव्हरवरून येणारा. एकेक पक्कडीने हलकेच दाबून धरायचा आणि ऐकायचं. बाहेरून नवा दिसणारा पाइप वळणाच्या खालच्या बाजूला चिरलेला असतो. बोट खालून फिरवा.

हेही ठीक असेल तर पायलट जेट. आयडलचं सगळं पेट्रोल त्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या भोकातून येतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की त्यात पेट्रोलचा डिंक बसतो. साफ करायला तार घालू नये. तांब्याची असली तरी नको. पितळेचं भोक एकदा मोठं झालं की ते परत लहान होत नाही, मग पुढचा मेस्त्री मिश्रण जमवत बसतो. कार्बोरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा आणि कॉम्प्रेसरची हवा उलट्या बाजूने मारा.

मिश्रणाचा स्क्रू सगळ्यात शेवटी. हात लावण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून कागदावर लिहा, म्हणजे काही नाही जमलं तर आहे तिथं तरी परत येता येईल. आत बसल्यावर दाबायचा नाही. त्याच्या टोकावर कडा उमटली की तो गेला, आणि त्याचं घरही गेलं. मग गाडी गरम असताना, चोक आत, सगळ्यात गोड आवाज जिथं येईल तिथं स्क्रू ठेवायचा आणि आयडल साधारण 850 फेऱ्यांच्या आसपास. आठशेला फेरे दाखवणारं मीटर नाही, पण हेडलाइट लावून, गाडी गिअरविना ठेवून, आरशात थरथर बघितली की अंदाज येतो.

इथं पेट्रोलबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हल्ली प्रत्येक जण तेच विचारतोय. 2023 पासून ई-20 यायला लागलं, आता बहुतेक पंपांवर तेच आहे. म्हणजे शंभर लिटरमागे वीस लिटर इथेनॉल. आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, तेव्हा आपल्याच उसाचं ते, तक्रार कुणाकडे करायची. पण हिशोब बघा. शुद्ध पेट्रोलच्या 1 किलोला जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, ई-20 ला 13.5 च्या आसपास. नव्या गाडीत सेन्सर हे बघून इंजेक्टरला जास्त सोडायला सांगतो. 1996 च्या कार्बोरेटरला कोण सांगणार? त्याचं भोक तेवढंच. म्हणजे काही बिघाड नसतानाही मिश्रण थोडं पातळच झालेलं असतं. त्यात पायलट जेट जरासं चोंदलं की जे पूर्वी चालून गेलं असतं ते आता गेटवर विझतं. मिश्रणाचा स्क्रू पाव-अर्धा फेरा जास्त सोडावा लागला तर बावचळू नका. याशिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गंज-मळ सुटा करतं आणि हवेतला ओलावा धरतं. खानापूरच्या पावसाळ्यात गाडी निम्म्या टाकीवर दोन महिने उभी ठेवणं म्हणजे टाकीत पाणी साठवणं.

सुट्या झालेल्या त्या मळावरून आता घाटाकडे जाऊ.

केरीपासून वर चढताना इंजिन सलग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावतं, पेट्रोलची मागणी मोठी आणि सलग. सपाटीवर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात, आलेलं पेट्रोल पुरून उरतं. घाटात वाटी भरते त्यापेक्षा लवकर रिकामी होते आणि आचके सुरू होतात. थांबलात की वाटी हळूहळू भरते, दहा मिनिटांनी गाडी चालू, आणि तुम्ही म्हणता आपोआप बरी झाली. हे जर असंच असेल तर दोष कार्बोरेटरच्या मागे आहे, टाकी ते पंप या वाटेवर, आणि नवीन कार्बोरेटर घालून तो तसाच राहणार.

पुढच्या वेळी तिथं थांबली की लगेच बोनेट उघडा. या कार्बोरेटरच्या वाटीला पुढून एक गोल काचेची खिडकी असते, पेट्रोलची पातळी त्या खुणेच्या मध्यावर दिसायला हवी. खिडकी रिकामी दिसली तर माझं म्हणणं बरोबर. मग मागे जाऊन टाकीचं झाकण उघडा. "स्स" करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं, जागेवर हवा येत नाही, आणि पंप बिचारा निर्वातातून ओढत बसतो. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने या एका छिद्रापायी पंप दोनदा बदलला होता, आणि झाकण मात्र त्याच्याच खिशातल्या किल्लीने रोज उघडत होता. "स्स" नाही झालं तर पंपाच्या आधीचा फिल्टर. हा वर्षातून एकदा बदलायचाच, पण जुन्या टाकीला ई-20 लागल्यापासून मी सहा महिन्यांनी बदलतो. फिल्टरच्या तळाशी तांबूस चिखल दिसला तर टाकी उतरवून धुवायला लागणार, त्याला पर्याय नाही. तिसरा पंप: इंजिन गार असताना कार्बोरेटरकडचा पाइप काढून बाटलीत धरायचा आणि सेल्फ मारायचा. ठसठशीत उडी मारत पेट्रोल आलं पाहिजे. थुंकल्यासारखं येत असेल तर डायफ्राम म्हातारा झालाय. हे काम उजेडात, मोकळ्यावर, बिडीवाल्यांना लांब पाठवून करा.

मे महिन्यातच थांबत असेल तर आणखी एक शक्यता, पाइपातलं पेट्रोल उकळून वाफ होण्याची. पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटांत चालू झाली तर तेच. पद्मिनीवाल्यांना हे फडकं गाडीच्या कागदपत्रांसारखं सोबत लागायचं.

आणि जुलै-ऑगस्टमध्येच, धुक्यात, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात थांबत असेल तर गोष्ट अगदी उलटी. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरचा गळा वीस अंशांहूनही जास्त गार होऊ शकतो. हवा अठरा-वीस अंशांची आणि पाण्याने भरलेली असली की गळ्यात चक्क बर्फ धरतो. लोक हसतात, कणकुंबीत बर्फ! पण मी स्वतः एअर फिल्टर काढून थ्रॉटलच्या पाकळीवर पांढरी साय बोटाने खरवडलीय. दहा मिनिटं थांबलात की इंजिनाच्या उष्णतेने ती वितळते आणि खोलून बघणाऱ्याला काहीच सापडत नाही. एअर फिल्टरच्या डब्याला उन्हाळा-हिवाळा अशी पट्टी असेल तर पावसाळ्यात ती हिवाळ्यावर करा, आणि सायलेन्सरच्या बाजूने गरम हवा आणणारी नळी जागेवर आहे का बघा. बहुतेक गाड्यांची ती कधीच हरवलेली असते.

एक उलटी केसही सांगून ठेवतो, कारण वाचणाऱ्यांत कुणाची तरी असेल. तळव्याच्या परीक्षेत गाडी गुदमरली, प्लग काजळीने काळे, मागून काळा धूर, तापलेली गाडी लगेच सुरू होत नाही: तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह, किंवा पेट्रोलवर तरंगून तो बंद करणारा फ्लोट. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल शिरलं असेल तर पाणी असलेल्या नारळासारखा वाजतो. रस्त्यात अशी गाडी ओव्हरफ्लो झाली तर चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून धरा आणि पाच-सहा सेकंद सेल्फ मारा. पंप करत बसू नका, प्रत्येक दाबाला आत आणखी पेट्रोल पडतं.

भाऊ, नवीन कार्बोरेटरबद्दल. बाजारात नवीन म्हणून मिळतात त्यातले बरेचसे घडाई इतकी ढोबळ असलेले असतात की तुमचा 96 चा कंपनीचा, साफ केलेला, त्याहून चांगला चालेल. त्यामुळे एक काम आजच करा. ज्या मेस्त्रीने किट बदललं त्याच्याकडे जाऊन जुने जेट परत मागा, टाकले नसतील तर डब्यात पडलेले असतील. त्यांच्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. किटमधून आता बसवलेल्या जेटवरचे आकडे आणि ते जुळतात का बघा. जुळत नसतील तर जुने धुऊन परत बसवा, आणि मगच रविवारी तळवा ठेवा.